बारीक मागितलं, जाडं दिलं

"हे नको. याच्याहून बारीक दाखवा."

एप्रिलातली दुपार होती आणि बर्डीवरच्या बाजारातल्या आमच्या रंगाच्या दुकानात मी एकटीच होते. बाबांचे गुडघे धरल्यापासून दुकान मीच सांभाळायचे. समोरच्या तरुणानं डब्यातलं रबिंग कंपाउंड, गाडीचा रंग घासून चमकवायचा तो लगदा, चिमटीत घेतलं होतं आणि डोळे मिटून बोटांवर चोळत होता... अत्तर पारखावं तसं.

"बारीकच आहे ते," मी म्हणाले.

"मले तं रेती लागून राहिली."

मी चिडले. थोडं कंपाउंड घेऊन स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर घासलं आणि उजेडात धरलं. नखावर रेघोट्या! मुकाट्यानं आतला डबा आणला.

"आता दुसरं नख नका खराब करू," म्हणत त्यानं आपलाच अंगठा पुढं केला.

मी घासलं. त्याचं नख काचेसारखं चमकलं आणि माझे कान तापले. उन्हानंच असतील – दुसरं काय?

गिरिधर त्याचं नाव. कामठी रोडवर गाड्यांच्या रंगाचं काम करायचा. नवा रंग न मारता जुन्या, विटलेल्या रंगालाच तो झळाळी आणायचा. दर दोन-तीन दिवसांनी दुकानात यायचा. कोणत्या ओरखड्याला आधी जाडं कंपाउंड, कुठं नुसतं बारीक, शेवटी कोणतं पॉलिश – यावर आम्ही तासभर भांडायचो. हळूहळू त्यानं माल तपासणंच सोडलं.

"तुम्ही देऊन राहिल्या ना? मंग झालं," म्हणायचा.

आणि मग ती आली. गोपिका मॅडम. धरमपेठेत राहायची, कॉलेजात शिकवायची. गाडी शिकताना तिनं आपली लाल फियाट फाटकाला घासली होती आणि ते काम तिच्या घरी येऊन करायचं गिरिधरनं कबूल केलं होतं. काळा चष्मा, बिनबाह्यांचं पोलकं. दुकानात शिरली ती थेट त्याच्या शेजारी उभी राहिली. पॉलिशच्या डब्या उघडून वास घेत म्हणाली, "गिरिधर, तुम्हीच ठरवा. मला तुमची पसंती चालते."

तो हसला! एवढं काय होतं त्यात हसण्यासारखं?

त्याच्या गालावर पांढरी भुकटी लागली होती. तो आल्यापासून ती मला दिसत होती. तिनं सहज पर्समधून रुमाल काढला आणि पुसून टाकली.

"वच्छलाबाई, बारीक कंपाउंड द्या अर्धा किलो," तो म्हणाला. "लाल रंग नाजूक असते."

मी आत गेले. दोन पिंपं शेजारी शेजारी होती. माझा हात जाड्या कंपाउंडच्या पिंपात गेला. चुकून नाही... बघून, समजून गेला. डबा भरला, झाकण ठोकून बसवलं. त्यानं न उघडताच उचलला. दोघं बसले आणि फियाट निघून गेली.

पडू देत रेघा तिच्या गाडीवर, असं म्हणत मी अर्धा तास बसले. मग लक्षात आलं, गाडी तिची, पण हात त्याचा. दुकानाला कुलूप लावलं आणि भर उन्हात सायकल धरमपेठेकडं हाणली.

उशीर झाला होता. बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा उमटल्या होत्या आणि एका कडेला रंग उडून खालचं राखाडी अस्तर उघडं पडलं होतं. गोपिका मॅडम हाताची घडी घालून उभी होती.

"तुमच्या हाताचं किती कौतुक ऐकलं होतं मी!"

"चूक माझीच आहे," गिरिधर खाली बघत म्हणाला. "माल पाहून घ्याले पाहिजे होता."

माझं नावही त्यानं घेतलं नाही. ते ऐकून मला जास्तच लागलं.

"त्यांची चूक नाही," मी सायकलवरून उतरत म्हणाले. "जाडं मी दिलं. जाणून दिलं."

गिरिधरनं मान वर केली. "काहून?"

मी सायकलचं स्टँड लावायला वाकले.

"सांगा की," मॅडम म्हणाली. "गाडी माझी खराब झाली, मलाही ऐकायचंय."

"तुम्ही... तुम्ही त्यांचा गाल पुसला म्हणून."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग त्याच्याकडं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि विझलं.

"अस्सं," ती हळूच म्हणाली. "मग आता दोघं मिळून नीट करा. सोमवारी मला गाडी हवी." आणि आत निघून गेली.

"माझ्यावर राग होता तं माझ्याशी भांडायचं होतं," गिरिधर म्हणाला. "गाडीनं काय केलं होतं? मी तं डोळे मिटून तुमच्यावर..." तो फडकं उचलून बॉनेटकडं वळला.

तीन दिवस रोज दुपारी मी तिथं गेले. त्यानं कडेला रंग मारला, तो वाळू दिला. मग बारीक कंपाउंड – मी बोटावर घासून दाखवल्याशिवाय त्यानं घेतलं नाही. दोन दिवस तो फक्त "फडकं" आणि "पाणी" एवढंच बोलला. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं दोन बाजूंनी पॉलिश करत होतो. मला राहवेना.

"तिचा रुमाल आवडला होता तुम्हाला?"

"आवडला," तो म्हणाला. "खोटं कायले बोलू?"

माझं फडकं थांबलं.

"पण घरी कंपाउंडचे चार डबे भरून पडले आहेत, वच्छला. तरी मी बर्डीवर येऊन राहिलो. ते कोणासाठी, तू सांग वं."

पहिल्यांदाच नुसतं वच्छला... पहिल्यांदाच तू. मी बॉनेटवरून मान वर केलीच नाही. लाल रंगात माझा चेहरा त्याहून लाल दिसत होता.

"आई रविवारी तुमच्या बाबांले भेटाले येईन म्हणते," तो म्हणाला. "येऊ दे का?"

मी मान हलवली.

"गोपिका मॅडमनं ऐकलं तं म्हणाल्या, आईला मीच गाडीतून आणते, तुम्ही पुढं बसा माझ्याजवळ."

"काही गरज नाही," मी म्हणाले. "रिक्षानं या."