बंद खोलीतला प्रश्न

“गेमपॅडचा ड्रायव्हर! बस्स, ठरलं!” बटाट्याने टेबलावर मूठ आपटली.

“तुझ्यापुरतं ठरलं,” भिंगरी म्हणाली.

भिंगरी, तिचा मावसभाऊ बटाट्या आणि शेजारची कानसेन वाचनालयात बसून मघापासून हमरीतुमरीवर आले होते. सुट्टीभर तिघांनी मिळून एका यंत्राचा ड्रायव्हर लिहायचा होता, म्हणजे त्या यंत्राशी कसं बोलायचं हे संगणकाला शिकवणारा प्रोग्राम. तोही ओपन सोर्स. कोणीही उघडून वाचावा, त्यातल्या चुका काढाव्यात असा. भिंगरीचा मामा हेच काम करायचा आणि तोच त्यांना शिकवणार होता. यंत्र मात्र आज संध्याकाळी तो येईपर्यंत निवडायचं होतं.

कानसेनला जन्मापासून दिसत नव्हतं. पण पलीकडच्या गल्लीत कोण शिंकलं हे ती घरात बसून सांगायची, म्हणून हे नाव!

“मागच्या खोलीतलं ब्रेलचं छपाईयंत्र घेऊ या ना,” ती पुन्हा म्हणाली. “कंपनी बुडाली, नव्या संगणकासाठी ड्रायव्हरच नाही. वर्षभर मला एकही नवं पुस्तक मिळालेलं नाही रे!”

“ते यंत्र उद्या भंगारात जातंय,” ग्रंथपालकाका काउंटरवरून म्हणाले.

“का हो काका?” कानसेनने विचारलं.

काकांनी मान वळवली. “परत अडकला मेला!” असं पुटपुटत त्यांनी समोरचा संगणक बंद करून पुन्हा चालू केला.

ठक्. ठक्-ठक्. ठक्!

आवाज मागच्या खोलीतून आला होता. आणि त्या खोलीला तर बाहेरून कुलूप होतं!

“आ... आत कोण आहे?” बटाट्याचा आवाज चिरकला.

“कोणी नाही,” काका हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा पार उतरला होता. “आठवडाभर हेच चाललंय. म्हणून तर काढून टाकतोय ते.”

त्यांनी खणातून किल्ली काढून दिली. स्वतः मात्र ते जागचे हलले नाहीत.

खोलीतला दिवा गेलेला होता. खिडकीपुढे कपाट सरकवल्यामुळे भर दुपारी आत काळोख होता. कोपऱ्यात एक हिरवा ठिपका तेवढा मिणमिणत होता. बटाट्याने मोबाइलचा उजेड पाडला. यंत्राच्या तोंडातून कागद लोंबत होता, थेट जमिनीपर्यंत.

कानसेनने कागदावर बोट ठेवलं आणि ती थबकली.

“काय लिहिलंय?”

“इंग्रजीत एकच शब्द. ‘कोण?’” तिचं बोट खाली सरकलं. “कोण? कोण? कोण? शेवटपर्यंत हेच आहे गं!”

भिंगरी एक पाऊल मागे सरकली.

“आपण घरी जाऊ या,” बटाट्या कुजबुजला. “आत्ताच्या आत्ता!”

“कोणीतरी विचारतंय आणि आपण पळायचं?” कानसेनने कागद सोडला नाही. “थांबा. ठकठक व्हायच्या आधी काकांच्या संगणकाची धून वाजली होती. भिंगरे, तो पुन्हा चालू करून बघ!”

भिंगरी धावली. बाहेर धून वाजली. आत क्षणभर सगळं शांत होतं. मग बटाट्याच्या नाकासमोर तो कागद आपोआप आणखी बाहेर सरकला.

ठक्!

“हललं! ते हललं!” बटाट्या एका उडीत खोलीबाहेर!

भिंगरीने मात्र परत आत येऊन, गुडघ्यांवर बसून यंत्रामागे चाचपडून पाहिलं. एक केबल भिंतीतल्या भोकातून थेट काकांच्या संगणकाला गेली होती. तिने ती ओढून काढली आणि बाहेर जाऊन संगणक पुन्हा चालू केला. धून वाजली. खोली गप्प!

“भुताला वायर लागते होय?” बटाट्याची छाती आता चांगलीच फुगली.

“काका, आठवड्यापूर्वी संगणकावर नवं काय बसवलंत?” भिंगरीने विचारलं.

“तापमापक. जुन्या पुस्तकांच्या कपाटासाठी. त्याचा ड्रायव्हर तुझ्या मामानेच लिहिलाय की!”

ड्रायव्हर ओपन सोर्स होता. भिंगरीने लॅपटॉपवर तो उघडला, एकेक ओळ वाचत गेली आणि ओरडलीच, “सापडलं! दोन्ही यंत्रांच्या जोडणीत एकाच प्रकारची चिप आहे, त्या केबलवरही तेच नाव छापलंय. ती दिसली की हा ड्रायव्हर समजतो, तापमापकच आला. मग विचारतो, ‘कोण?’ तापमापक आपला नंबर सांगतो. हे बिचारं काय सांगणार? आलेली अक्षरं छापत बसतं!”

मामा आला तेव्हा तिघांनी त्याला घेरलंच.

“चिप जुळली म्हणजे तापमापकच, असं मी धरून चाललो,” मामा ओशाळून म्हणाला. “यंत्राचं नावही तपासायला हवं होतं. शाब्बास रे पोरांनो! हा ड्रायव्हर महिनाभर सगळ्यांसमोर आहे, पण माझी चूक जगात कोणाला दिसली नव्हती.”

“पण मामा, यंत्र बिघडलेलं नाहीच!” कानसेन म्हणाली. “अक्षरं येतात, ती उमटतात. आम्हाला हेच हवंय.”

मामाने बटाट्याकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघतोस? गेमपॅड कुठे पळून जातोय!” बटाट्या म्हणाला.

काकांनी तिथल्या तिथे भंगारवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. “एवढी वर्षं इथे काढली, आणि त्या कागदाला हात लावायची माझी छाती झाली नाही,” ते कानसेनला म्हणाले. “पोरी, तू धीराची खरी!”

मामाने चूक दुरुस्त केली आणि केबल परत जोडली. संगणक चालू झाला, धून वाजली. या वेळी यंत्र गप्प राहिलं. कानसेन भिंगरीच्या कानात काहीतरी बोलली. भिंगरीने काही इंग्रजी अक्षरं टाइप करून पाठवली.

ठक्-ठक्. ठक्!

कानसेनचं बोट त्या सगळ्या ‘कोण?’वरून खाली उतरत गेलं आणि शेवटच्या ओळीवर थांबलं. तिथे तिचं नाव होतं.

“आपली मराठी अक्षरं मात्र याला येत नाहीत अजून,” ती म्हणाली.

“मग सुट्टी कशाला आहे?” म्हणत बटाट्याने लॅपटॉप स्वतःकडे ओढला.