चार खुंट्यांची बोट

समुद्रातल्या उभ्या सुळक्यावर पांढऱ्या पोटाचा गरुड अजून पिल्लं वाढवतो, की तो कायमचा निघून गेला, हे बघायला आम्ही निघालो होतो. गरुड नसेल, तर तो सुळका फोडून दगड न्यायला माणसं टपलेलीच होती. घरटं दिसायचं ते फक्त बोटीच्या वरच्या डेकवरून.

सुकाणू माझं, इंजिन धाकट्या भावाचं. पाहुणे सहा. त्यांच्या म्होरक्या बाई पक्ष्यांच्या जाणकार.

बोटीचा कायदा एकच. शिडीपाशी चार खुंट्या. वर जाणाऱ्याने आपल्या चपला खुंटीला अडकवायच्या. खुंटी रिकामी नाही, तर वर जागा नाही!

"मावशी, सहा जणांनी काय बोट उलटते?" बाई म्हणाल्या.

"खाली सहा जण नाचा हवं तर. वर चारच."

"फार हट्टी आहात!"

"म्हणून तर म्हातारी झाले."

सुळका जवळ आला. लाटा आडव्या येऊ लागल्या. चपलांचे चार जोड खुंट्यांवर झुलत होते, पण बोट मला वेगळीच लागली. कलली की सरळ व्हायला आळस करत होती. मी इंजिनाकडे हाक मारली. उत्तर नाही!

भाऊ जन्माचा अनवाणी. त्याला खुंटी लागतेच कुठे? तो गुपचूप वर गेला होता, आणि त्याचं बघून उरलेल्या दोघांनीही चपला कोपऱ्यात भिरकावून शिडी गाठली होती. वर सात माणसं!

तेवढ्यात ओरडा झाला, "गरुड!"

सातही जण एकाच कठड्याकडे धावले. बोट कलली. आणखी कलली! पाणी खालच्या डेकवर घुसलं. सुकाणू गर्रकन फिरवलं असतं, तर सगळेच पालथे पडलो असतो. मी वेग उतरवला, नाक हळूहळू लाटेकडे वळवलं आणि होता नव्हता तेवढा आवाज काढला.

"बसा! बसल्या जागेवरून सरकत मध्ये या! एकेक जण खाली! आधी माझा दिवटा भाऊ!"

एक दुर्बीण समुद्रात गेली. माणूस एकही गेला नाही. बोट कण्हत सरळ झाली.

"ताई, मी तर नुसती हाडं," भाऊ पुटपुटला. "माझं काय वजन!"

"ते समुद्राला सांग." मी त्याची टोपी ओढली. "पुन्हा वर जायचं असेल, तर ही खुंटीला."

बाई नखशिखांत भिजल्या होत्या. "मावशी, पिल्लं आहेत का ते दिसलंच नाही, आणि वारा वाढतोय. आता एकच फेरी मिळेल. चौघांची कामं ठरलेली आहेत. पाचवी फक्त मी."

"चार."

"एवढी वर्षं ज्याच्यासाठी घालवली, ते मीच नाही बघायचं?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग खुंटीवरच्या आपल्या चपला काढल्या आणि पाहुण्यांतल्या चित्र काढणाऱ्या पोरीच्या कोपऱ्यातल्या चपला तिथे अडकवल्या.

दुसरी फेरी. बोट डुलली आणि चटकन सरळ झाली. बाई ओल्या चपला छातीशी धरून शिडीखाली उभ्या होत्या. वरून आरोळी आली, "दोन! दोन पिल्लं! एक पंख झाडतंय!"

बाईंनी मान वर केली. तिथे नुसत्या फळ्या होत्या. तरी त्या हसत होत्या, डोळे पुसत.

सुळका जागेवर आहे. दगडवाले हात चोळत बसलेत. आणि भाऊ दर वर्षी विचारतो, "ताई, पाचवी खुंटी ठोकू का?"

हातोडी मी सुकाणूखाली ठेवते. माझ्या पायाशी!