लिफ्टमध्ये निसटलेलं

लिफ्टचं दार मिटता मिटता एक हात आत आला. मग पांढरा कोट, मग ते हसू. तोरुननं झटकन खाली पाहिलं — बुटांकडे. बुटांकडे काय बघायचंय? वेडीच!

"तू कायद्याची ना?" तो म्हणाला. "मी सिंद्रे. डॉक्टरकी शिकतोय. वॉर्डात कोपऱ्यात उभी असतेस तू, भुतासारखी."

"निरीक्षण करते मी. भुतं करत नाहीत."

"बरं बाई. मग आज काय निरीक्षण केलंस?"

बर्गनच्या या हॉस्पिटलात कायद्याची मुलं तेवढ्यासाठीच यायची. डॉक्टर पेशंटला काय सांगतात, कसं सांगतात, कुणाला सांगत नाहीत, ते बघायला. आल्याआल्या पेशंटबद्दल बाहेर तोंड बंद ठेवायचं वचन द्यावं लागायचं. तोरुनला ते तोंडपाठ होतं. पण तो असा बघत होता ना...

"खिडकीजवळचे आर्नुल्फ आहेत ना, मासेमारीवाले? त्यांचा पाय कापावा लागणार. आणि त्यांना अजून माहीतच नाही!"

मागे कुणीतरी श्वास रोखला. लोकरीच्या टोपीतली एक आजी, भिंतीला टेकलेली.

"पाय?" आजी म्हणाली. "माझ्या आर्नुल्फचा?"

दार उघडलं. आजी भिंत धरत धरत निघून गेली.

तोरुन तिच्यामागून लिफ्टबाहेर पडली. आता नाव कापणार, वकिली संपली, घरी आईला काय सांगायचं... ती जिन्यावर मटकन बसली.

"तू डॉक्टरांना सांगशील?" तिनं विचारलं.

"सांगावंच लागेल," सिंद्रे म्हणाला. त्याचाही चेहरा पांढराफटक. "पण तू आधी सांग. मी येतो बरोबर."

"मला भीती वाटतेय."

"मला काय मजा वाटतेय?"

वॉर्डच्या प्रमुख डॉक्टर ब्यर्गनी सगळं ऐकून घेतलं.

"चूक माझी पण आहे," सिंद्रे अचानक म्हणाला. "मीच विचारलं."

"का विचारलंस? तो तुझा पेशंट नाही."

"पेशंटचं नव्हतं काही. हिनं... हिनं माझ्याशी बोलावं म्हणून." त्याचे कान लालबुंद झाले. "कितीतरी दिवस काहीतरी विचारायचं होतं, डॉक्टर. नेमकं तेच सुचलं."

तोरुनला रडू येत होतं, आणि त्यातच छातीत काहीतरी भलतंच धडधडलं.

ब्यर्ग उठल्या. आधी त्या स्वतः आर्नुल्फना सगळं सांगून आल्या. मग या दोघांना आत पाठवलं. आजी नवऱ्याचा हात धरून बसली होती. तोरुननं माफी मागितली.

आर्नुल्फ खिडकीकडून तिच्याकडे वळले.

"ती गोष्ट माझी होती, पोरी," ते म्हणाले. "माझ्या बायकोला मी सांगायची होती."

बस्स. रागावले नाहीत, माफही केलं नाही.

दोघांचंही वॉर्डात येणं तिथेच बंद. पुढच्या सत्रात पुन्हा पहिल्यापासून, तेही आर्नुल्फनी तक्रार केली नाही तर. बाहेर तिरपा पाऊस झोडपत होता. तोरुन दारातच थांबली.

"त्यांनी तक्रार केली तर?"

"तर केली. हक्क आहे त्यांचा." सिंद्रेनं छत्री तिच्यावर धरली, स्वतः भिजत. "कॉफी घेशील? म्हणजे... माझ्याबरोबर?"

"आणि बोलायचं काय?"

"तुझं सांग," तो म्हणाला. "तेवढंच, जेवढं तुला सांगावंसं वाटेल."

तिनं त्याची बाही धरून त्याला छत्रीखाली ओढलं.