उजवं कोपर

शनिवार, १४ जून, इथला ऐन हिवाळा. रात्रभर दंव पडलेलं. उजाडून तास झाला तरी वायकाटो नदीवरचं धुकं जागचं हललं नव्हतं.

रावीरीने आपल्या मुलीच्या, हिनेच्या, सायकलचा मागचा दिवा लावून पाहिला. पाय मोडल्यावर सहा महिन्यांनी हिने आज पहिल्यांदा रस्त्यावर येत होती. दारातून तिची आई म्हणाली, "नेतोयस तशी धड परत आण तिला. नाहीतर तूही येऊ नकोस."

"मी काय अंडं आहे का गं?" हिने हसली.

चाकामागे चाक लावून चालवायची त्यांची जुनी रीत. पुढच्याने वारा अंगावर घ्यायचा, काच-खड्डा दिसला की हाताने खूण करायची. दमला की कोपर हलवायचं. मग मागच्याने त्या बाजूने पुढे जायचं, आणि दमलेल्याने सर्वांच्या शेवटी येऊन, कुणी रेंगाळत असेल तर त्याच्या पाठीला हात द्यायचा.

चौकापाशी पुढे एका सायकलचा लाल दिवा लुकलुकला.

"डगकाका!" हिने म्हणाली. "म्हातारा कधी म्हणून थांबायचा नाही."

डग दर शनिवारी तिथेच भेटायचा. रावीरीने त्याच्या मागे चाक लावलं आणि नजर दिव्यावर ठेवली. पुढच्याचा हात खाली काच दाखवायचा. तिथे काच असायचीच. रस्ता चढू लागला. गोठ्यांचा वास मागे पडला, जळक्या रबराचा आला. झुडपांचं कुंपण संपून डावीकडे लोखंडी कठडा लागला. उजवीकडून काहीतरी प्रचंड घोंघावत गेलं आणि हँडल थरथरलं.

"पापा... हा एक्स्प्रेसवे आहे."

"माझ्या मागेच राहा. डग! अरे, थांब!"

पुढच्याने वळून पाहिलं नाही. त्याने उजवं कोपर हलवलं. उजवीकडून पुढे ये.

वीस वर्षांची सवय. रावीरीचे पाय आपोआप जोरात फिरले, चाक पांढऱ्या रेषेवर गेलं. मग त्याला मागचा श्वास ऐकू आला. आपण गेलो की मागून हिने येणारच. त्याने चाक आत खेचलं. दुधाचा टँकर रेषेला घासून गेला. हॉर्न नंतर ऐकू आला.

कोपर पुन्हा हललं. सावकाश.

"नाही," रावीरी पुटपुटला. "मी येणार नाही..."

दिवा विझला. पुढे कुणी नव्हतं.

थांबायला जागा नव्हती. कठड्यापलीकडे, पुलाखाली खोल नदी. पूल संपेपर्यंत चालवत राहणंच भाग होतं.

"पाय दुखतोय का गं?"

"नाही... उलट मघापासून फार हलकं जातंय."

पुलापलीकडे पोलिसांची गाडी उभी होती. हवालदारीण बाईंनी दोन्ही सायकली मागे चढवल्या. "तिसरा कुठाय?"

"डग? तो पुढे..."

"पुढे कुणी नव्हतं. कॅमेऱ्यात मागे दिसला. तुमच्या मुलीच्या पाठीवर हात ठेवून."

रावीरीने डगला फोन लावला. "या धुक्यात?" डग जांभई देत म्हणाला. "वेडा आहेस का? मी अजून अंथरुणात आहे."

गाडीत हिने ताठ बसली होती.

"टेकून बस ना, बाळा."

"कशी टेकू, पापा... त्याने हात काढलेला नाही."

पोलिसांनी एक्स्प्रेसवे तासभर बंद ठेवून पूल आणि काठ शोधला. तिसरा सायकलवाला मिळाला नाही.