बिनटिंबाचा आय

शंभूराज त्या दुकानात शिरला तो केवळ योगायोगानं. त्याला जायचं होतं शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडं, पण विश्रामबागेत वीज गेली होती आणि इन्व्हर्टर फक्त समीनाच्या टायपिंगच्या दुकानात चालू होता.

"मॅडम, संदर्भसूचीचं एवढं एक पान छापून द्या."

समीनानं स्क्रीनवर पान बघितलं. माणसांच्या नावांत मधेमधे रिकामे चौकोन पडले होते.

"कुठली नावं ही?"

"तुर्कस्तानातली. बेदाण्यावर लय काम हाय तिकडं. आमी कवठे महांकाळला शेडमध्ये वाळवतो, ते उन्हात. पीएचडी त्यावरच हाय माझी." तो ओशाळला. "ती अक्षरं उमटतच न्हाईत. गाइड म्हणाले, साधी एबीसीडी घालून मोकळा हो."

"माणसाचं नाव आहे ना ते... असं कसं मोकळं व्हायचं?"

ती सहज बोलून गेली. तो मात्र बघतच राहिला.

इंजिनिअरिंग कॉलेजच्या गणिताच्या प्रश्नपत्रिका जुळवता जुळवता समीना लेटेक हे अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर शिकली होती. त्यात अक्षराला दागिना घालायचा तर आज्ञा लिहावी लागते. उलटी तिरकी रेघ, मग सी, मग महिरपी कंसात एस — आणि एसच्या खाली शेपूट आलं. रेघ, यू, कंसात जी — जीच्या डोक्यावर वाटीसारखी कोर बसली.

"आणि हा?" तो वाकला. त्याच्या शर्टाला द्राक्षाच्या शेडचा गोडसर वास होता. "ह्या आयवरचं टिंब गेलं की."

"गेलं नाही. त्यांच्यात टिंबाचा आय वेगळा नि बिनटिंबाचा वेगळा. एक टिंब चुकलं तर नाव दुसऱ्याचंच होतं."

"तुमी एका टिंबासाठी एवढं वाचता?"

"वाचावं लागतं. लोक टिंबं चुकवूनच येतात."

मग अख्खा प्रबंधच तिच्याकडं आला. दर मंगळवारी तो यायचा, कागदाच्या पुडीत मूठभर बेदाणे घेऊन. तो तुर्की नावं मोठ्यानं वाचायचा, ती अक्षर न् अक्षर ताडून बघायची.

"हसू नका ओ."

"मी कुठं हसले?"

"डोळ्यांनी हसला की..."

अशा वेळी समीना पटकन स्क्रीनकडं बघायची. हे कुठंही पोचणार नाही, हे तिला दुसऱ्याच मंगळवारी कळलं होतं. तरी ती तिसऱ्या मंगळवारची वाट बघत होती.

आतल्या खोलीत तिचे अब्बा, सिकंदरभाई, पुस्तकं बांधायचे. एकदा शंभूराज गेल्यावर दोन अनोळखी माणसं मोटरसायकल उभी करून आत आली. आवाज अगदी मऊ होता.

"चाचा, त्यो कवठ्याचा पाटील दर आठवड्याला का येतोय हितं?"

"पुस्तक बांधायला," अब्बा म्हणाले.

माणसं गेली. अब्बांनी खळीचा ब्रश खाली ठेवला आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं.

पुढच्या मंगळवारी शंभूराज धावतच आला. प्रबंधाचा मसुदा त्यानं तुर्कस्तानातल्या इझ्मीरच्या एका प्राध्यापकांना पाठवला होता. त्यांनी दोन वर्षांच्या संशोधनासाठी बोलावलं होतं. पत्रात आवर्जून लिहिलं होतं, की परदेशी विद्यार्थ्यानं त्यांचं नाव अचूक लिहिल्याचं ते पहिल्यांदाच बघत होते.

"हे तुमच्यामुळं झालं," तो म्हणाला. समीनाला आनंद झाला, आणि त्याच क्षणी लक्षात आलं. आपल्याच हातानं आपण त्याला एवढ्या लांब पाठवलं.

"तुमी नको म्हणाला तर... न्हाई जाणार." त्यानं आवाज खाली आणला. "समीना, मला तुमी लय आवडता. घरी बोलतो मी. आमचे आबा फौजेत होते, सगळ्या जातीधर्माची माणसं बघितल्यात त्यांनी. ऐकतील ते."

"आणि नाही ऐकलं तर?"

त्यानं बेदाण्यांची पुडी तिच्यापुढं सरकवली.

"तुम्हाला घरचे चार दिवस बोलतील," ती म्हणाली. "आमच्या दुकानाचं काय होईल, ते तुम्हाला ठाऊक आहे." मग, स्क्रीनवरची नजर न काढता — "मलाही तुम्ही आवडता. म्हणूनच सांगते... जा."

त्या संध्याकाळी त्यानं ऋणनिर्देशाचं पान मेल केलं. गाइड, आई, आबा... आणि शेवटच्या ओळीत तिचं पूर्ण नाव. हिच्याविना ह्यातलं एकही पान उभं राहिलं नसतं, असं. ती ओळ तिनं तीनदा वाचली. हा प्रबंध गावात सत्काराला मांडला जाणार, हातोहात फिरणार. तिनं ओळ पुसली आणि पान छापायला सोडलं.

आठवड्यानं तो प्रती न्यायला आला. उभ्या उभ्याच त्यानं ते पान उघडलं.

"शेवटची ओळ राहिली."

"पानात बसत नव्हती."

खाली अर्धं पान कोरं होतं. त्या कोऱ्या जागेवरून त्यानं सावकाश हात फिरवला. मग आतल्या खोलीकडं, अब्बांच्या पाठीकडं बघितलं, आणि पाचही प्रती छातीशी धरून तो पायऱ्या उतरला. वळून बघितलं नाही.

दारात एक बाई अर्ज टाइप करायला आल्या होत्या. समीना त्यांना "बसा" म्हणाली. मग त्यांचं पूर्ण नाव विचारून अक्षर न् अक्षर ताडत टाइप करू लागली.