मागच्या बाकावरची हजेरी

दादा माझ्याच वर्गात येऊन बसणार हे कळलं तेव्हा मला आधी हसू आलं. मग आई आठवली आणि हसू विरलं.

सोतोन्ये माझा थोरला भाऊ. अभियांत्रिकीचे सगळे विषय सुटलेले, दुसऱ्या वर्षाचा द्रवयांत्रिकी तेवढा गळ्यात अडकलेला. आमच्याकडे विषय राहिला की मागून आलेल्या मुलांबरोबर पुन्हा बसावं लागतं. दादा आधी दोनदा बसून आला होता. नोंदणीच्या दिवशी सल्लागार मिसेस वारिबोको घाम पुसत त्याला म्हणाल्या, "ही शेवटची संधी, बाळा. हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देणार नाहीत, आणि नापास झालास तर नावच कमी होईल. पदवी विसर."

"मॅडम, नुसतं पास-नापास असा शेरा नाही का मिळणार? गुण नकोत मला."

"ती सवलत ऐच्छिक विषयांना. उद्या तू पूल बांधलास तर तोही पास-नापास चालेल का?"

मी हसले. दादाने मला कोपराने ढोसलं.

तिकडे आमच्या गावी, बुगुमाला, आई सुकी कोळंबी विकून घर चालवत होती. पदवीदानासाठी तिने मावश्या-आत्यांना एकाच रंगाचं कापड घ्यायला लावलं होतं. बाबा गेल्यानंतर तिला कशाची एवढी हौस वाटलेली मी पाहिली नव्हती.

विषय राहिलेल्यांनी सगळ्यात मागच्या बाकावर बसायचं आणि पहिल्या तासाला पोरांनी उभं राहून त्यांना "गुड मॉर्निंग, आजोबा!" म्हणायचं, ही आमची रीत. ती चुकवायला दादा मुद्दाम उशिरा आला. मी दारात त्याची वाट पाहत होते. आत द्रवयांत्रिकी शिकवणारे डॉक्टर उडोफोत मान खाली घालून नावं पुकारत होते.

"सोतोन्ये डोकुबो."

"हजर, सर," मागच्या बाकावरून आवाज आला.

दादा माझ्या शेजारी उभा होता. त्याच्या तोंडात भाजलेल्या केळ्याचा घास होता.

"तुझाच आवाज की रे!"

"आमच्या बॅचचा ताम्बारी असणार. नकला करण्यात तरबेज आहे लेकाचा." त्याने घास गिळला. "चल बोमा, मी निघतो. फुकटची हजेरी कोण सोडतं? खोलीवर बसून अभ्यास करीन."

दुसऱ्याची हजेरी लावणं आमच्याकडे सर्रास चालतं, त्यामुळे मीही फार विचार केला नाही. पण त्याच आठवड्यात कळलं, ताम्बारी कधीच पास होऊन लागोसला नोकरीला लागला होता.

आवाज येतच राहिला. ओहोटी लागली की खाडीच्या चिखलाचा वास खिडक्यांतून आत येई, बाकांवर चोरट्या तेलभट्ट्यांच्या काजळीचा थर बसे, आणि सर नाव घेताच मागून उत्तर येई. एकदा मी झटकन वळले. वहीवर झुकलेलं एक डोकं दिसलं आणि दादाचा पिवळा शर्ट. तो शर्ट मी सकाळीच धुऊन दोरीवर टाकला होता.

"तुझा भाऊ काय सुंदर समजावतो गं," प्रेये म्हणाली. ती माझ्या शेजारी बसायची.

"कधी समजावलं?"

"काल, तासानंतर. जरा बुजरा आहे. आणि हात किती गार त्याचे!"

काल त्या वेळी दादा माझ्याबरोबर बाजारात मिरच्यांवरून घासाघीस करत होता.

मी त्याला सगळं सांगितलं. आधी तो हसला. "चांगलंय की! मी झोपतो, तो शिकतो."

मग खाणावळवाल्या मामा पेशन्सने (आमच्याकडे मामा म्हणजे आई) माझ्या ताटलीत सूप वाढलं आणि दादाला सोडून त्याच्या मागच्याला वाढलं.

"मामा, माझ्यावर रुसलात का?" दादाने विचारलं. तिने ऐकलंच नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी त्याने ताटली पुढे केलीच नाही. मला भीती वाटायला लागली, आणि त्याला माझ्याहून जास्त.

"उद्यापासून मी जाणार," तो म्हणाला. "माझं नाव आहे. उत्तर मीच देणार."

तो पहिल्या बाकावर माझ्याजवळ बसला. माझं मनगट त्याने घट्ट धरून ठेवलं होतं.

"सोतोन्ये डोकुबो."

दादाने तोंड उघडलं. त्याचा कंठ हललेला मला दिसला.

"हजर, सर," मागून आवाज आला.

सरांनी मान वर केली. दादाच्या डोक्यावरून मागे बघत ते म्हणाले, "शाबास, डोकुबो. चाचणीत पहिला आलास."

दादा उभा राहिला. त्याने दोन्ही हात हलवले. कोणी पाहिलं नाही.

माझ्या मनगटावरची पकड सैल होत गेली.

परीक्षेच्या दिवशी आम्ही दोघं रांगेत होतो. दारावरच्या पर्यवेक्षकांनी माझं ओळखपत्र पाहिलं आणि दादाला वगळून लगेच त्याच्या मागच्या मुलीला हात केला.

"सर, हा माझा भाऊ. याला आत घ्या ना!"

"डोकुबो? तो तर केव्हाचा आत बसलाय. मुली, आत जा, उशीर करू नकोस."

मी हलेना. दादाचे ओठ हलले. जा, बोमा. आवाज नव्हता.

पेपर सुटला तेव्हा तो दारात नव्हता. खोलीवरही नव्हता. संध्याकाळी आईचा फोन आला.

"अगं, सोतोन्ये घरी आलाय! पेपर सोपा गेला म्हणतो. किती शहाणा झालाय, आल्या आल्या भांडी घासली."

मी दुसऱ्याच दिवशी बुगुमाला गेले. तो ओट्यावर बसून कोळंबी निवडत होता. मला पाहून हसला. हसू अगदी दादाचं.

आईला बाजूला घेऊन मी म्हणाले, "आई, हा दादा नाही."

"मी जन्म दिलाय त्याला. तू मला सांगणार?" ती चिडली. मग हळूच म्हणाली, "झोपत नाही तो, एवढंच. रात्रभर ताठ बसून असतो. अभ्यासाची सवय, दुसरं काय."

निकाल लागला. तो चांगल्या गुणांनी पास झाला. पदवीदानाला सगळ्या बायका त्या एकाच रंगाच्या कापडात नाचल्या. आई रडत होती, हसत होती. फोटोसाठी त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याचा गारवा ब्लाऊजमधून आत उतरला. आईकडे बघून बोलवेना.

नवं वर्ष सुरू झालं. मी तिसऱ्या वर्षाला गेले. काल त्या वर्गावरून जाताना आत द्रवयांत्रिकीचा पहिला तास चालू होता. नव्या पोरांनी मागच्या बाकाला "गुड मॉर्निंग, आजोबा!" करून घेतलं होतं आणि सगळा वर्ग अजून खिदळत होता. डॉक्टर उडोफोत यांनी शेवटचं नाव पुकारलं, हजेरी मिटली आणि खडू उचलला.

मी खिडकीशी थांबले.

मागच्या बाकावरची मुलं दाटीवाटीने बसली होती. टोकाला एक जागा मात्र त्यांनी मोकळी सोडली होती.

"सर," तिथून दादाच्या आवाजात कोणीतरी अगदी हळू म्हणालं, "माझं नाव राहिलं."

सर फळ्यावर लिहीत राहिले.