दुपारी वाढणाऱ्या चौकटी

"कानस पुढे नेताना जोर लावायचा, मागे आणताना नाही. तू तर दात घासल्यासारखी फिरवतोयस," मोजपट्टी म्हणाली.

"मागे आणताना का नाही लावायचा?" तिच्या धाकट्या भावाने हात न थांबवता विचारलं.

अकरा वर्षांच्या या मुलाला घरीदारी सगळे शंकासुर म्हणत. तोंड उघडलं की प्रश्नच बाहेर पडायचा. त्याची बहीण तेरा वर्षांची, वर्गात सगळ्यांत उंच, म्हणून ती मोजपट्टी. दोघं सुट्टीत आत्याकडे राहायला आली होती. आत्याची मुलगी भिंगरी बारा वर्षांची होती आणि एका जागी पाच मिनिटं बसली तर तिला बरं नाही असं समजायचं.

आत्या एका कारखान्याच्या प्रशिक्षण केंद्रात शिक्षिका होती. कारखान्यात सैन्यासाठी दुर्बिणी बनत. मुख्य कारखान्यात बाहेरच्या कुणालाही प्रवेश नव्हता, पण प्रशिक्षण केंद्र फाटकाच्या अलीकडे होतं आणि सुट्टीत तिथे कामगारांच्या मुलांसाठी दहा दिवसांचा वर्ग चाले. तिघंही त्याच वर्गात होती. आज बुधवार. अॅल्युमिनियमच्या पट्टीला दोन टोकांना दोन भोकं पाडून, कडा घासून गुळगुळीत करायच्या होत्या. भोकांमधलं अंतर एकशेवीस मिलिमीटर.

मुलांच्या बाकांपलीकडे काचेची भिंत होती. भिंतीच्या आत नवी सीएनसी मशीन्स होती, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारी मशीन्स. त्यांवर सहा बाया-माणसं नव्याने काम शिकत होती. त्यांतल्या एकीला सगळे मावशी म्हणत. वीस वर्षं मावशींनी कारखान्यात खोकी बांधली होती, दुर्बिणी कागदात गुंडाळल्या होत्या. पण त्या दुर्बिणी आतून कशा असतात हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. सहा महिन्यांपूर्वी नव्या कामासाठी नावं मागवली, तेव्हा पहिलं नाव त्यांनी दिलं. आता त्या दुर्बिणीची चौकट बनवत. दुर्बिणीच्या दोन नळ्या ज्या तुकड्यावर बसतात, तो हा तुकडा.

त्या दिवशी अडीच वाजता मावशी काचेबाहेर आल्या आणि मुलांच्या बाकाजवळच्या स्टुलावर बसल्या. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले.

"काय झालं मावशी?" भिंगरीने विचारलं.

"लाल आल्या. दुपारच्या ट्रेमधल्या, आम्हा सहा जणांच्या, चौदाच्या चौदा."

चौकटी तयार झाल्या की मोजणीच्या खोलीत जात. तिथल्या मशीनची बारीक सुई चौकटीला जागोजागी टेकायची आणि पडद्यावर निकाल यायचा. हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे नापास.

"सकाळच्या कशा होत्या?" शंकासुराने विचारलं.

"सकाळच्या चौदा हिरव्या. मशीन तेच, प्रोग्राम तोच, हातही हेच." मावशींनी आपले हात पालथे करून पाहिले, जणू त्यांत काही बदल झाला असेल. "दोन भोकांमधलं अंतर जास्त येतंय म्हणे. पंचवीस मायक्रॉन. आपला केस असतो ना, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं."

"एवढंसं? मग चालत नाही का?"

"नाही रे बाबा. नळ्या वाकड्या बसल्या तर बघणाऱ्याला एकाच्या दोन वस्तू दिसतात. डोंगरावर उभ्या असलेल्या पोराला आपण असली दुर्बीण कशी द्यायची?"

गुरुवारीही तेच झालं. सकाळी हिरवं, दुपारी लाल. संध्याकाळी घरी आत्या भाजी चिरता चिरता थांबली आणि म्हणाली, "सोमवारी नव्या विभागाचं उद्घाटन आहे. कारखान्याच्या साहेबांनी आज सांगितलं, उद्या दुपारचा ट्रे लाल आला तर सहाही जण परत खोकी बांधायला जातील. बाहेरून अनुभवी माणसं आणणार."

"पण आई, मावशी चुकत नाहीत," भिंगरी म्हणाली.

"मलाही तसंच वाटतं. मी मशीन तपासलं, हत्यार तपासलं, प्रोग्राम ओळीओळीने वाचला. साहेब म्हणतात, जेवणानंतर नवशिक्यांचं लक्ष उडतं."

"सगळ्यांचं एकदम?" शंकासुर म्हणाला. "आणि सगळ्यांचं पंचवीस मायक्रॉनच?"

आत्याने सुरी खाली ठेवली आणि त्याच्याकडे पाहिलं. "हे मात्र मी साहेबांना विचारलं नाही," ती म्हणाली.

"हे सुरू कधी झालं?" मोजपट्टीने विचारलं.

"बुधवारी. मंगळवारपर्यंत दुपारचेही सगळे हिरवे होते."

शुक्रवारी सकाळी तिघं नेहमीपेक्षा अर्धा तास आधी केंद्रात पोहोचली. मोजणीच्या खोलीबाहेर एक लांब व्हरांडा होता आणि त्याच्या पश्चिमेच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत काचा होत्या. त्या काचांखाली एक ट्रॉली उभी होती आणि तिच्यावर एक रिकामा ट्रे.

मोजणीचं काम एका वयस्कर गृहस्थांकडे होतं. मुलं त्यांना मोजणीकाका म्हणत. ते पांढरा कोट घालत आणि आपल्या मशीनवर कुणी फुंकर जरी मारली तरी कपाळाला आठ्या घालत.

"काका, आमची पट्टी तुमच्या मशीनवर मोजून द्याल का?" मोजपट्टीने विचारलं. "आम्हाला बघायचंय, आम्ही किती चुकलो ते."

काका खूश झाले. "आणा की. पण लगेच नाही मोजायची. ही खोली कायम वीस अंशांवर असते. वस्तू आधी इथे चार तास ठेवायची, खोलीइतकी गार होऊ द्यायची. धातू तापला की फुगतो. घाई केली तर माप खोटं येतं."

"मग त्या चौकटी..." शंकासुर सुरू झाला, आणि मोजपट्टीने त्याच्या पायावर पाय दिला. तो कळवळला, पण गप्प बसला.

काकांनी दार उघडलं. आत लोखंडी रॅक होतं, चार फळ्यांचं. त्यावर पाटी होती: 'मोजणीपूर्वी वस्तू येथे ठेवाव्यात.' पण चारही फळ्यांवर थंड पेयांची खोकी खच्चून भरली होती. एका कोपऱ्यात वीतभर जागा होती. काकांनी पट्टी तिथे ठेवली.

"ही खोकी कसली?" भिंगरीने अगदी सहज विचारलं.

"सोमवारच्या पाहुण्यांसाठी. मंगळवारी संध्याकाळी आली. अख्ख्या इमारतीत हीच खोली गार." काकांनी आवाज खाली आणला. "मला नाही विचारलं कुणी."

बाहेर आल्यावर तिघं पाण्याच्या टाकीजवळ उभी राहिली.

"पाय मोडलास माझा," शंकासुर म्हणाला.

"तू तिथेच बोलला असतास तर काकांनी दार लावून घेतलं असतं. भिंगरी, तू व्हरांड्यावर लक्ष ठेव. ट्रे कधी येतो आणि कुठे थांबतो ते बघ."

भिंगरीला असलं काम म्हणजे मेजवानी. पाणी प्यायला, हात धुवायला, पेन्सिल टोकायला, अशी ती दिवसभरात व्हरांड्यातून अकरा वेळा गेली. दहा वाजता मावशींनी दुपारी मोजायचा ट्रे आणून ट्रॉलीवर ठेवला. काका बाहेर आले, दाराबाहेरच्या वहीत काहीतरी लिहिलं आणि आत गेले. ट्रे तिथेच राहिला. अकराला तिथेच. साडेबाराला काकांनी मुलांना हाक मारली, पट्टी मोजून दिली आणि दाराला कुलूप लावून जेवायला गेले, तेव्हाही ट्रे तिथेच होता. ऊन मात्र काचेतून आत सरकायला लागलं होतं.

"किती आलं?" भिंगरीने विचारलं.

"एकशे एकोणीस पूर्णांक सहाशे चाळीस," मोजपट्टीने कागद दाखवला. "काका म्हणाले, तीनशे साठ मायक्रॉन तुम्ही खाल्लेत की काय."

"वहीत काय लिहिलंय ते मी पाहिलं," भिंगरी म्हणाली. "दहा वाजून पाच मिनिटं, ट्रे रॅकवर ठेवला. पण तो रॅकवर गेलाच नाही. रॅकवर जागाच नाहीये."

मोजपट्टीने पट्टी ट्रॉलीवर, चौकटींच्या शेजारी ठेवली. सव्वा वाजता ट्रॉलीवर लख्ख ऊन आलं. पावणेदोनला शंकासुराने पट्टीवर हात ठेवला. साडेबाराला गारेगार असलेली पट्टी आता अजिबात गार लागत नव्हती.

"तापलीय," तो म्हणाला. "आत्याला सांगायचं?"

"आत्ताच."

आत्याने सगळं शांतपणे ऐकलं. मग ती व्हरांड्यात गेली, एका चौकटीवर तळहात ठेवला आणि क्षणभर डोळे मिटले. "मी तीन दिवस मशीनच्या आत डोकं घालून बसले होते," ती म्हणाली. "पण साहेबांना नुसतं सांगून पटायचं नाही. तुमची पट्टीच बोलू दे."

दोन वाजता साहेब आले. मागून मावशी आणि बाकीचे पाच शिकाऊ आले. मावशींचा चेहरा उतरला होता. काकांनी ट्रे उचलून आत नेला.

"साहेब, चौकटींच्या आधी आमची पट्टी मोजू द्याल?" मोजपट्टीने विचारलं. "दोनच मिनिटं लागतील."

"ही खेळायची वेळ आहे का?" साहेब म्हणाले.

"खेळ नाही साहेब," आत्या म्हणाली. "मी सांगते म्हणून मोजू द्या."

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि मान हलवली. काकांनी पट्टी मशीनवर ठेवली. सुई एका भोकात उतरली, चार ठिकाणी टेकली, मग दुसऱ्या भोकात. पडद्यावर आकडा आला. काकांनी चष्मा वर केला, परत खाली केला.

"एकशे एकोणीस पूर्णांक सहाशे सदुसष्ट," ते वाचून म्हणाले. "साडेबाराला तर सहाशे चाळीस होतं. मीच मोजलं होतं."

"दीड तासात सत्तावीस मायक्रॉन वाढली," मोजपट्टी म्हणाली.

"पट्टी जेवून आली असेल," शंकासुर म्हणाला. या वेळी त्याच्या पायावर कुणी पाय दिला नाही.

साहेब हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "दीड तास ही कुठे होती?"

"बाहेर ट्रॉलीवर, उन्हात. या चौकटींच्या शेजारी."

"चौकटी सकाळी दहापासून रॅकवर आहेत. वहीत नोंद आहे."

सगळ्यांचे डोळे आधी रॅककडे गेले, मग काकांकडे. काकांनी कोटाचं वरचं बटण उगाच काढून परत लावलं.

"नोंद खोटी आहे साहेब," ते म्हणाले. "रोजच्या सवयीने लिहिली. रॅकवर जागा नव्हती म्हणून ट्रे बाहेर ठेवला. सकाळच्या ट्रेला काही होत नाही, तो ऊन यायच्या आत मोजून होतो; तिकडे ऊन दुपारनंतर येतं. मशीनला वाटतं वस्तू खोलीइतकीच गार आहे, ते तसाच हिशेब करतं. हे मी रोज दुसऱ्यांना शिकवतो. मलाच सुचायला हवं होतं."

"रॅकवर ही खोकी ठेवायला कुणी सांगितलं?" साहेबांचा आवाज चढला.

काका खाली बघत हळूच म्हणाले, "तुम्हीच, साहेब. मंगळवारी फोनवर."

साहेबांनी बाह्या सरसावल्या, सर्वांत वरचं खोकं उचललं आणि स्वतः व्हरांड्यात नेऊन ठेवलं. दुसरं भिंगरीने उचललं, तिसरं मावशींनी. दहा मिनिटांत रॅक रिकामं झालं. काकांनी फळ्या पुसल्या, आजचा ट्रे आणि आधीच्या दोन दिवसांच्या सगळ्या लाल चौकटी त्यावर ओळीने मांडल्या, वहीतली नोंद खोडून खरी वेळ लिहिली आणि सही केली.

शनिवारी सकाळी नऊला सगळे पुन्हा जमले. रात्रभर गार झालेल्या बेचाळीस चौकटी एकेक करून मशीनवर गेल्या. हिरवी. हिरवी. परत हिरवी. शंकासुर बोटं मोजत होता, भिंगरी चवड्यांवर उभी होती. एकोणचाळीस हिरव्या आल्या आणि तीन लाल.

साहेब मावशींसमोर येऊन उभे राहिले. "मी माणसांकडे आधी बोट दाखवलं आणि खोलीकडे नंतर पाहिलं," ते म्हणाले. "उलट करायला हवं होतं. तुम्ही सहाही जण सोमवारपासून नव्या विभागात पक्के." मग ते मुलांकडे वळले. "आणि तुम्ही तिघं. इतकी वर्षं मी इथे आहे, पण माझी चूक मोजून दाखवणारी पोरं पहिल्यांदाच भेटली. बाई, तुमच्या घरात सगळे असेच आहेत का?"

"हो," आत्या म्हणाली, "म्हणून तर सुट्टीत ही सगळी जमली की मला जरा बरं वाटतं."

काका पुढे झाले. "माझ्या मशीनवर कधीही या," ते मुलांना म्हणाले. "फुंकर मारली तरी चालेल. नाही, फुंकर नको. पण या."

सगळे हसत होते, तेव्हा मावशी रॅकपाशी होत्या. त्यांनी तीन लाल चौकटी बाजूला काढल्या होत्या आणि त्या उजेडात फिरवून बघत होत्या.

"त्या सोडा आता मावशी," मोजपट्टी म्हणाली. "एकोणचाळीस पास झाल्यात."

"झाल्यात. पण या तिघी उन्हामुळे लाल नाहीत," मावशी म्हणाल्या. "या माझ्या हातच्या चुका. बघ, इथे चौकट धरणारी पकड ढिली राहिली असणार, हा ओरखडा दिसतो का?"

मोजपट्टीने वाकून पाहिलं. आधी दिसला नाही. मावशींनी तिचं बोट धरून कडेवरून फिरवलं, तेव्हा नखाला काहीतरी अडल्यासारखं झालं.

"लागलं," ती म्हणाली.

"हां. चल, पकड कशी आवळायची ते तुला दाखवते. माझंही परत एकदा होईल."

दोघी काचेच्या दारातून मशीनकडे गेल्या. मागोमाग भिंगरी पळाली आणि तिच्या मागे, पकड ढिली का राहते असं विचारत, शंकासुर.